धापूबाईची लेक

मूर्तिकार हिंदुराव वारले आणि लगेचच त्यांच्या आदर्श नगरमधल्या बंगल्यावर सामानाचा लिलाव पुकारला गेला. साल एकसष्टचं. विमा कंपनीतल्या उमाकांतची बायको रत्नप्रभा त्यांच्याकडे मातीकाम शिकली होती. गुरूची काहीतरी आठवण घरी असावी म्हणून ती गेली.

अंगणात पाहते तर भंगारवाला सागवानी चौकटींतून चित्रं उचकटून जमिनीवर फेकतोय! एका चित्रावर चहाची किटली ठेवलेली. तिनं ती उचलली. खाली एक मुलगी होती. मांडीवर पुतळ्याचा संगमरवरी हात घेऊन घासत बसलेली, भुवयांपर्यंत पांढऱ्या भुकटीनं माखलेली. बाकीच्या चित्रांतही अशाच दगड वाहणाऱ्या, घासणाऱ्या बायका. कोपऱ्यात हिंदुरावांची सही.

"श्रीपादराव, ही कधी काढली त्यांनी?"

"काढली असतील रिकामपणी," पुतण्या श्रीपाद म्हणाला. "वहिनी, काका मंत्र्यांचे पुतळे घडवणारे. असल्या मजुरणींची चित्रं बाहेर गेली तर नाव खराब होईल. चौकटींना गिऱ्हाईक आहे, तेवढं पुरे."

रत्नप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाव खराब? ते पुतळे घासून चकचकीत कोणी केले, तुम्ही?"

इतक्यात फाटकाशी गलका झाला. हिंदुरावांच्या कारखान्यात जन्मभर पॉलिश करणारी धापूबाई लिलावाचं ऐकून आली होती आणि चौकीदार तिला आत सोडत नव्हता. तिची नजर रत्नप्रभानं हातात उचललेल्या त्या मुलीच्या चित्रावर खिळली होती. ती आपल्या मारवाडी बोलीत ओरडली,

"बाईसा, या तो म्हारी छोरी है!"

दगडाची धूळ छातीत जाऊन लेक खोकत खोकत गेली होती. तिचा साधा फोटोही घरात नव्हता.

"तिला आत घेऊ नका हं," श्रीपाद ओरडला.

रत्नप्रभानं स्वतः फाटक उघडलं. पदरानं चहाचा डाग टिपला आणि चित्र धापूबाईच्या हातात दिलं. म्हातारी चित्रातल्या गालावरून बोटं फिरवत राहिली. भंगारवाल्यानंही हातातली पक्कड खाली ठेवली.

उरलेली चित्रं गुंडाळून रत्नप्रभानं काखेत मारली. "चौकटी विका तुम्ही. ही मी नेतेय. हिंमत असेल तर अडवा."

कोणी अडवलं नाही.

चित्रं तिच्या दिवाणखान्यात लागली. "देवादिकांचं काहीतरी लावा की," असं कोणी पाहुणा म्हणाला, की ती त्याला त्या बायकांचं काम पहिल्यापासून सांगायला बसे, आणि ते संपेपर्यंत चहा येत नसे.