झाडाचं पान चावत नाही

गोवर्धनच्या वांग्याच्या वावराला लागूनच आशाबाईंची झेंडूची बाग. दोघांचा माल एकाच गाडीतून मूर्तिजापूरच्या बाजारात जायचा. पण वांग्यांसाठी गोवर्धनला कुणी ओळखत नसे. तो सापवाला. शाळाशाळांतून कापडी पिशवी घेऊन फिरायचा आणि पिशवीतला बिनविषारी साप मुलांच्या हातात द्यायचा.

आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, म्हणून ‘पान लागलं’ म्हणायचं. दवाखान्यात डॉक्टरांपुढेही लोक पानच म्हणत राहतात, याचा गोवर्धनला राग होता. कार्यक्रम तो तिथूनच सुरू करी.

“झाडाचं पान कोनाले चावते का?”

“नाई,” सगळा वर्ग म्हणे.

“मंग काय म्हनाचं?”

“साप चावला.”

मग पिशवीतून डुरक्या निघे. जाडसर, मातकट, अंगावर तपकिरी डाग, स्वभावानं गरीब. हा घोणशीसारखा दिसतो, लोक घोणस समजून याला ठेचतात, हे गोवर्धन सांगे. घोणशीला आमच्याकडे परड म्हणतात. परडीच्या अंगावर साखळी असते, हेही तो सांगे. पण तोवर मुलांचं लक्ष हातांकडे लागलेलं असे.

गावच्या शाळेत आशाबाईंची मोनाली सगळ्यात मागे उभी होती. हात ओढणीत.

“काहून वं, लपून राहिली?” गोवर्धन म्हणाला. “तुह्या मायचा मार यापेक्षा जास्त लागते.”

मुलं हसली. मोनाली पुढे आली. डुरक्या तिच्या तळहातांवर संथ पडून राहिला.

“थंडा हाये, काका,” ती हळूच म्हणाली.

“भेव गेलं?”

“गेलं.”

त्या हिवाळ्यात, झेंडू तोडताना, आशाबाईंना सरीत वेटोळं दिसलं. त्यांनी काठी उचलली. मोनाली मध्ये आली.

“मारू नको, माय. डुरक्या हाये. काकानं देल्ला होता मले.”

तिला तो बांधापलीकडे सोडायचा होता. तिनं दोन्ही हात खाली नेले, शाळेत शिकवलं होतं तसेच, हळू.

ती परड होती.

गोवर्धन वांग्यांतून धावत आला. त्यानं हात आवळून बांधू दिला नाही, मांत्रिकाकडे नेऊ दिलं नाही. मूर्तिजापूर, तिथून अकोला. आयुष्यभर जे सांगत आला, ते सगळं त्यानं केलं. औषध सुरू झालं. सूज खांद्यापर्यंत चढली, लघवी बंद झाली. मोनाली घरी आली ती पांढऱ्या चादरीत.

नंतर कितीतरी दिवस गोवर्धन आशाबाईंच्या दारापर्यंत जाऊन परतत असे. एकदा त्यांनीच हाक मारली. पुढ्यात कोमेजलेल्या फुलांचा ढीग होता.

“मी सोडलं ते काम,” तो उभ्यानंच म्हणाला. “पिशवी जाळली.”

“बरं केलं.” आशाबाईंनी मान वर केली नाही. “भेव होतं तवा माही पोरगी जिती होती, भाऊ.”

तो जायला वळला.

“अन् बाकीच्या लेकराईचं काय? भेव काढून घेतलं तुमी त्याहिचं. आता घरी बसता. ते परत कोन देईन?”

म्हणून तो पुन्हा शाळेत गेला. रिकाम्या हातांनी, शाळेनं न बोलावता. मोनालीच्याच शाळेत पहिल्यांदा. मुलांनी पिशवी शोधली.

“काका, डुरक्या?”

“नाई आनला. आता कोनीच हात लावाचा नाई. डुरक्या असो का धामण. दुरून पाहाचं, मोठ्या मानसाले हाक माराची.”

“पन तुमीच तर देल्ला होता,” एक मुलगा म्हणाला.

गोवर्धननं बाकांकडे पाहिलं. वर्गात मोनालीची जागा कुणी घेतली नव्हती.

“आपल्या मोनालीले,” तो म्हणाला, “पान लागलं.”

मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिला तो सांगत आला होता तेच आठवत होतं.

“काका, झाडाचं पान कोनाले चावत नाई.”

गोवर्धननं टेबलाची कड धरली.

“हो,” तो म्हणाला. “साप चावला. परड होती. तिले डुरक्या वाटली. डुरक्या तिच्या हातात मी देल्ला होता.”

मुलगी खाली बसली. काही मुलांनी आपले हात बाकाखाली घेतले.