टाचेला कळलेल्या तिसऱ्या
नमुने टिकवायच्या फॉर्मालिनची बाटली उघडली की त्या झणझणीत वासासरशी मला रत्नागिरीजवळच्या खाडीतली, वीसेक वर्षांपूर्वीची ओहोटीची दुपार आठवते. चिखलातले किडे, शिंपले ओळखून द्यायची कामं मी तेव्हा नुकतीच स्वतंत्रपणे घेऊ लागले होते. जिथे जिवंत काही सापडणार नाही, तिथे बंदराचा उपसलेला गाळ टाकायचं ठरणार होतं. मी डब्याने वरचा चिखल खरवडून चाळला, नुसती रिकामी टरफलं निघाली, आणि वहीत ठामपणे लिहिलं, 'जिवंत काही नाही.' शेजारी काष्टा मारून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणारी एक मावशी बघत होती. म्हणाली, "बाय, वरवर काय खरवडतेस? ऊन चढलं की त्या खाली जातात. आधी ते बूट काढ." मग ती स्वतःच टाच रुतवत हळूहळू चालली, टाचेखाली काही कडक लागलं तशी थांबली, कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर तिसऱ्या माझ्या चाळणीत टाकल्या. घट्ट मिटलेल्या, जिवंत. दहा पावलांत चाळण भरली. मी वहीतली ओळ खोडली. पुढे माझ्याकडे चांगले सूक्ष्मदर्शक आले, पण 'काही नाही' लिहायची वेळ आली की मी अजूनही आधी बूट काढते.