दात शाबूत

दातमामा बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, दातांकडे बघत. दर सोमवारी शिरूरहून एसटीने दौंडला यायचे आणि पुण्याची गाडी लागली की फलाटावर उतरणाऱ्या पुरुषांची तोंडं निरखायचे. पोरंटोरं खिदळायची. मामा त्यांचेही दात बघून घ्यायचे.

त्यांच्या मुलाचा, सलीमचा, पुढचा दात लहानपणी सायकलवरून पडून अर्धा तुटला होता. मामा तो दात शोधत होते. सलीम दौंडच्या मालधक्क्यावर कामाला होता. एक दिवस तो घरी परतला नाही आणि दोन दिवसांनी रुळांवर एक मयत सापडलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. शर्टावर शिरूरच्या शिंप्याची पट्टी होती म्हणून मामांना रेल्वे पोलीस चौकीत बोलावलं, तोवर बेवारस म्हणून पुरूनही झालं होतं. मामांनी शर्ट ओळखला आणि पंचनामा वाचायला लावला. त्यात होतं, 'दात शाबूत.' मामा ताडकन उठले. "ह्यो माझा सलीम न्हाई."

"पण मामा, शर्ट त्याचाच आहे ना?" मी म्हटलं. मी दौंड यार्डात पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, तिथेच उभा होतो. तेव्हा मामांनी पन्नास वर्षं बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत ड्रायव्हर होते. लढाई संपता संपता जर्मनीत एका गोऱ्या साहेबाची जीप त्यांच्याकडे होती. तिथला हुकूमशहा खरंच मेला की पळाला, याचा गुपचूप तपास साहेबाकडे होता. कुणी काही सांगे, कुणी काही. दातांवरून मयत ओळखता यावं म्हणून साहेब त्या हुकूमशहाच्या दाताच्या डॉक्टरची माणसं हुडकत फिरला. मामांकडून कुठे न बोलण्याची शपथ घेतली होती.

"कापडं कुनालाबी घालता येत्यात," मामा म्हणाले. "दात न्हाई."

गावाने टिंगल केली. जर्मनीच्या राजाचे दात मोजून आलाय म्हणे! मी हसलो नाही. त्या पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही होती.

आमच्याकडे मयत सापडलं की पहिली घाई लाइन मोकळी करायची. मालगाडी सिग्नलला अडलेली, ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी मारतोय. हवालदाराने हाताशी सापडला म्हणून मला पंच केलं आणि टपरीवर बसून एका जुन्या पंचनाम्यावरून नवा उतरवून काढला. शाबूत दात त्या जुन्या मयताचे होते. याचं तोंड उघडून कुणीच बघितलं नव्हतं. मी सही ठोकली आणि कामाला लागलो.

सलीमची बायको रजिया तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचे भाऊ दुसरं स्थळ घेऊन आले, तर मामांनी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "नवरा जिता हाय तिचा. सरकारी कागुद हाय." हे मामांनी मलाच मोठ्या अभिमानाने सांगितलं, आणि मी नोकरी जाण्याच्या भीतीने मान डोलावली. हवालदाराचा मला राग यायचा, खात्याचा यायचा. स्वतःचा यायला दहा वर्षं लागली.

निवृत्त झाल्यावर, एका सोमवारी, फलाटावर मी सगळं सांगून टाकलं. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"त्यो राजा लाखो मान्सं मारून गेला," शेवटी म्हणाले, "तरी त्याचं तोंड उघडून बघितलं. माझ्या पोरानं कुनाचं काय घोडं मारलं व्हतं?"

तेवढ्यात पुण्याची गाडी लागली. मामांनी वर पाहिलं नाही. शिरूरची एसटी किती वाजता, एवढंच विचारलं.

ते पुन्हा दौंडला आले नाहीत. चार महिन्यांनी गेले. माती देऊन मी त्यांच्या घरी टेकलो, तर रजियाने पाणी आणून दिलं. केस पिकायला लागले होते तिचे.

"अब्बांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "सही कराया किती येळ लागला व्हता तुमाला?"

अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. मी पाणी तसंच ठेवलं आणि दारात चपला शोधू लागलो.