खाडीवरचे तीन शुक्रवार

"मी आहे ना" हे शब्द हमिदाच्या तोंडून निघून गेले, तेव्हा तिला घरी जाऊन डाळ टाकायची घाई होती. शाळेत पालकांची मीटिंग चालली होती. भिवंडीजवळ पूर्ण्याच्या गोदामांमागे खाडीकाठी एक क्लब निघाला होता आणि तो शाळेतल्या अकरा मुलींना विंडसर्फिंग फुकट शिकवायला तयार होता. फळीवर उभं राहायचं, शिडाची दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचं, असा तो खेळ. आईबापांनी एकच अट घातली. पोरींबरोबर पाण्यात एक मोठी बाई पाहिजे, आपल्यातली. क्लबानेही उलट अट घातली. जी बाई येईल तिला फळीवरून खाडीत जाऊन, कुणाच्या मदतीशिवाय काठाला परत येता आलं पाहिजे. हे ऐकल्यावर सगळ्या आया एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. हमिदाची पंधरा वर्षांची इरम मान खाली घालून दुपट्ट्याचं टोक पिळत होती. कुणी उठलं नाही तर वर्ग बंद, हे तिला कळत होतं. ते टोक बघवेना म्हणून हमिदा बोलली. रस्त्यावर आल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

पाण्याला घाबरायला हमिदाकडे कारण होतं, आणि सबंध भिवंडीला ते पटलं असतं. दोन हजार पाचच्या पुरात ती नवी नवरी होती. नारपोलीतल्या त्यांच्या खोलीत छातीपर्यंत पाणी चढलं. दाऊद, म्हणजे तिचा नवरा, कारखान्यात अडकलेला. ती लोखंडी पलंगावर चढून खिडकीचे गज धरून दीड दिवस उभी होती. बाहेरून गाद्या, म्हशी, सुताची बाचकी वाहत जाताना तिने पाहिली. तेव्हापासून बादली भरून वाहायला लागली तरी ती धावत जाऊन नळ बंद करते. घरचे हसतात. हसोत.

तिचं काम कांडीचं. सुताच्या शंकूसारख्या मोठ्या कोनावरून तार घ्यायची आणि मशीनवर छोट्या कांडीवर भरायची. मग ती कांडी आडवी तार टाकणाऱ्या धोट्यात बसते आणि लूमवर कापड निघतं. वीस वर्षं हेच. कांडीवाल्या बाईचं सगळं कसब दोन बोटांत. तार बोटांतून धावत असते आणि जरा ढिली वाटली की बोटं आपोआप आवळतात. ढिली भरलेली कांडी लूमवर घसरते, तार तुटते आणि लूमवाला येऊन आईबाप काढतो. हमिदाच्या कांडीबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता, आणि याचा तिला गर्व होता. बाईला गर्व करायला जागा फार नसतात, तेव्हा ही एक तिने जपून ठेवली होती.

शुक्रवारी कारखाना बंद, म्हणून शिकायचा वार शुक्रवार ठरला. शिकवणारा किशन पलीकडच्या डोंगराखालच्या पाड्यावरचा. त्याच्या आज्याची खाडीत डोंगी, म्हणजे लहान होडी होती, त्यामुळे पाणी त्याला अंगणासारखं. हमिदा सलवार-कुडत्यावर नारिंगी जाकीट चढवून, ओढणीला चार पिना ठोकून उभी राहिली तेव्हा तो हसला नाही. एवढ्यावरच तिने त्याला चांगल्या माणसांत टाकलं.

"आपा, एकच ध्यानात ठेवा," किशन म्हणाला. "वारा जादा झाला, भ्या वाटलं, तर दांडी सोडायची. दोनी हात मोकळं. शीड पान्यात पडंल, फळी जागीच ऱ्हाईल. तुमाला काय व्हनार न्हाय."

"हातातली सोडायची?"

"हां. सोडायची."

"और फिर पकडू काय?"

"कायच न्हाय. खाली बसायचं."

हे हमिदाला अजिबात पटलं नाही. भीती वाटली की माणूस काहीतरी धरतो, सोडतो कुठला?

पहिल्या शुक्रवारी ती कमरेइतक्या पाण्यात चौदा वेळा पडली. नाकातोंडात खारं पाणी गेलं, आणि दर वेळी तिला वाटलं की आता संपलं. दुसऱ्या शुक्रवारी ती उभी राहिली, शीड उचललं, आणि वाऱ्याची पहिली झुळूक येताच बोटांना ओढ जाणवली. बोटांनी वीस वर्षं केलं तेच केलं. आवळली. दांडी तिने छातीशी ओढली, शिडात वारा गच्च भरला आणि फळी अशी सुटली की किशनला मोटरबोट काढून मागे जावं लागलं. "सोडा! आपा, सोडा!" तो ओरडत होता, आणि जितका तो ओरडे तितकी ती जास्त ओढे. बोटीत घेतल्यावरही तिची बोटं सरळ होईनात. किशनने एकेक करून उघडली.

घरी दाऊदने विचारलं, "जमतंय काय?"

"जमतंय," ती म्हणाली, आणि मोरीत जाऊन रडली. आठवडाभर तिची झोप उडाली होती. खरं सांगायचं तर ती मनातून नापास व्हायची वाट बघत होती. नापास झाली तर कुणी तिला भित्री म्हणणार नव्हतं. बाई गेली होती, जमलं नाही, संपलं. अकरा पोरींचा वर्ग मोडला असता, पण तो काय एकट्या हमिदाने मोडला असं थोडंच झालं असतं?

तिसऱ्या शुक्रवारी परीक्षा. दहाला भरती पुरी झाली, आणि पाणी फिरायच्या आत जाऊन यायचं ठरलं. पण ओढणीच्या पिना लावण्यात, जाकीट पुन्हा पुन्हा बांधण्यात हमिदाने अर्धा तास घालवला. किशन बोटीत जाऊन बसला, इरम काठावर उभी होती, आणि तेवढ्यात ओहोटी लागली.

ती निघाली ती बरी निघाली. शंभरेक हात गेली असेल. मग पुलाच्या बाजूने वारा आला. पाण्यावरून काळपट रेघ सरकत येताना तिला दिसली. दांडी सोडायची, दांडी सोडायची, असं ती तोंडाने म्हणत होती आणि हातांनी ओढत होती. फळी थडथडत खाडीच्या मध्याकडे पळाली, जिथून रेतीचे बार्ज जातात. काठ मागे मागे गेला. ती मोठ्याने ओरडली, "या अल्ला, इरम!" आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. आपण मरणार, हे तिला अगदी स्पष्ट कळलं. किशन बोटीत उभा होता, पण बोट निघत नव्हती. मदत घेतली की नापास, आणि ठरलेली खूण, म्हणजे डोक्यावर दोन्ही हात, हमिदाने केली नव्हती. करणार कशी? हात दांडीला होते.

तिने दांडी सोडली असं कुणी म्हणू नये. तिची बोटं दमली. मनगटातलं बळ संपलं आणि दांडी निसटून गेली, इतकंच. शीड धप्पकन पाण्यात आडवं पडलं. ती गुडघ्यांवर आपटली, फळीच्या कडा धरल्या, डोळे मिटले आणि बुडायची वाट बघू लागली.

फळी जागीच होती. लाटेबरोबर हलत होती, बस्स. हमिदाने एक डोळा उघडला, मग दुसरा. आता दोन्ही हात वर करावेत आणि सुटावं, असं तिला वाटलं. पण त्यासाठी फळीच्या दोन्ही कडा एकदम सोडाव्या लागल्या असत्या, आणि त्या सोडायची तिची छाती नव्हती. मग किशनने शिकवल्याप्रमाणे तिने एका हाताने शीड इंचाइंचाने फळीवर ओढून घेतलं, त्याच्यावर पालथी पडली, आणि रडत रडत हाताने पाणी मारायला लागली. ओहोटीने तिला खाली ओढत नेलं. क्लबापासून बऱ्याच अंतरावर ती तिवरांत लागली, गुडघाभर चिखलात उतरली, आणि फळी ओढत काठाकाठाने परत आली. तिला पाऊण तास लागला. पट्ट्याने बांधलेली एक चप्पल चिखलातच राहिली.

किशन वही घेऊन बसला होता. "आलात ना आपल्या आपन? मंग झालं. पास."

हमिदा खाली बसली. "किशनभाऊ," ती म्हणाली, "मला नापास लिहा."

"काय?"

"नापास लिहा. तुमच्या पाया पडते. आपल्याला नाय होणार. मी परत पाण्यात नाय जाणार. मेलेली मी तिथे." तिने हात जोडले. वीस वर्षांत कारखान्यात शेठपुढेही न जोडलेले हात.

किशनने पेन खाली ठेवलं. इरम मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, आईशेजारी चिखलात बसली आणि आपल्या दुपट्ट्याने आईचे पाय पुसायला लागली.

"राहू दे, अम्मी," ती हळूच म्हणाली. "नको जाऊ. मी सांगते मुलींना, क्लबवाल्यांनीच वर्ग रद्द केला म्हणून. तुझं नाव नाय घेणार."

पोरीने हट्ट केला असता, फुरंगटली असती, तर हमिदाने दोन शब्द सुनावून सुटका करून घेतली असती. पण इरम खाली मान घालून बोटांमधला चिखल काढत होती, आणि तिच्या मनात रागाचा लवलेश नव्हता. आपल्या आईसाठी ही उद्या दहा पोरींशी खोटं बोलणार, आणि खाडीकडे पुन्हा कधी बघणारही नाही, हे हमिदाला दिसलं. पुरातल्या पाण्यानेही तिला इतकं घाबरवलं नव्हतं.

हमिदाने ओढणीने तोंड पुसलं.

"रविवारी भरती कितीला?"

"साडेअकराच्या सुमारास," किशन म्हणाला.

"पोरी किती वाजता येणार?"

"दहाला."

"मग मी नऊला येते," हमिदा म्हणाली. "मला आधी एकदा पडून घ्यायला पाहिजे. आणि भाऊ, तुम्ही बोट चालू ठेवा. मला फार भीती वाटते."

किशनने वहीत पास लिहिलं. इरमने दुसरा पाय पुसायला घेतला. तो अजून थरथरत होता, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.