भावामागचा ताशा

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या एका नर्सिंग होममध्ये फिजिओथेरपिस्ट होते. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांशी गोड बोलून त्यांना चार पावलं चालवायचं. माझा स्वभाव मुळात तिरसट, गोड बोलणं मला जमत नाही, आणि वारं गेलेल्या हाताला गोड बोलण्याचा काही उपयोगही नसतो. तो रोज ताणावा लागतो, दुखवावा लागतो, आणि एवढं करूनही बहुतेक वेळा हात परत येत नाही. हे शेवटचं आम्ही पेशंटला सांगत नाही.

एका हिवाळ्यात आमच्याकडे एक कृष्णवर्णीय आजोबा आले. वय ऐंशीच्या पुढे, उंची चांगली सहा फूट, आणि डाव्या अंगावरून वारं गेलेलं. मी सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही पहिल्या दिवशी विचारलं, की हा हात आला तर त्याने तुम्हाला काय करायचं आहे. लोक सांगतात, शर्टाची बटणं लावायचीत, मासे पकडायला जायचंय, नातवाला उचलायचंय.

ते म्हणाले, "भावाच्या प्रेतामागे वाजवायचंय."

भाऊ कधी वारले, असं मी विचारलं.

"वारला नाही अजून. म्हणून तर घाई आहे."

मला हसू आलं नाही, थोडा रागच आला. म्हटलं, हा माणूस आता आपल्याला छळणार. पण पुढच्या काही दिवसांत हात ताणता ताणता त्यांनी घरची सगळी हकीकत सांगितली, आणि ती ऐकताना मी दोनदा हात ताणायचा विसरले.

त्यांचं घर न्यू ऑर्लिन्सचं आणि सगळं घराणं ड्रम वाजवणाऱ्यांचं. वडील रस्त्यावरच्या बँडमध्ये गळ्यात मोठा ढोल अडकवून वाजवायचे. त्यांच्यानंतर तो ढोल थोरल्या भावाकडे आला आणि धाकट्याकडे, म्हणजे या आजोबांकडे, स्नेअर ड्रम. आपला ताशाच म्हणा तो, फक्त खालच्या कातड्याला तारा ताणलेल्या असतात, त्यामुळे काठी पडली की आवाज कर्र करून उठतो. भाऊ ढोल आणि हा ताशा, अशी जोडी लहानपणापासून मिरवणुकांत चालली. पण नाचाच्या हॉलमध्ये कुणाला दोन माणसं नको असत. पायाने दाबून मोठा ढोल वाजवायचं पेडल आलेलं होतं, त्यामुळे एकच माणूस बसून दोघांचं काम करी. हॉलमधली ती एक खुर्ची थोरल्याला मिळाली. धाकटा उत्तरेला निघून आला, आधी शिकागो, मग डेट्रॉइट. क्लबांत वाजवलं, क्लब बंद पडत गेले, लोकांना दुसरंच काहीतरी आवडायला लागलं, आणि शेवटची नोकरी त्यांनी एका शाळेत झाडलोट करण्याची केली.

म्हणजे एका पेडलने त्या दोघा भावांना जन्मभर वेगळं केलं. ते एकत्र वाजवत ते फक्त घरात कुणी गेलं की. वडील गेले, आई गेली, काका गेले, प्रत्येक वेळी हे डेट्रॉइटहून बस पकडून खाली जात आणि ताशा गळ्यात घालून भावाशेजारी उभे राहत. घरच्या माणसामागे घरचाच हात हवा, असा त्यांच्या वडिलांचा नियम होता. बाकीचा बँड कुणाचाही असो.

आमच्याकडेही म्हातारं माणूस गेलं की भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन पुढे चालतं, तेव्हा प्रेतापुढे वाद्य हे मला नवीन नव्हतं. पण आपल्याकडे परत येताना सगळे मुकाट येतात. त्यांच्यात उलटं. जाताना ताशाच्या तारांखाली हातरुमाल कोंबायचा, म्हणजे आवाज दबून यावा. माती दिली की ताशेवाल्याने रुमाल ओढून काढायचा आणि एक लांब तर्री, म्हणजे दोन्ही काठ्यांची सलग कडकड, वाजवायची. ती तर्री म्हणजे बँडला आणि लोकांना सांगणं, की झालं, त्याला पोचवलं, आता घरी चला. मग सगळे नाचत परत येतात. तर्री झाल्याशिवाय कुणी स्मशानातून पाय काढत नाही. ऐकून मी आधी अवाक झाले, आणि मग वाटलं की आपल्यापेक्षा यांचं बरं.

माझे वडील तबलजी. नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले, कंपनी बुडाली, आणि मग शाळेत कारकुनी करत त्यांनी आयुष्य काढलं. मी तबल्यावर हात ठेवलेला त्यांना खपायचा नाही. "याने पोट भरत नाही," एवढंच म्हणायचे. त्यामुळे आजोबांनी आपल्या मुलाला काठी धरू दिली नाही हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मला कारण विचारावं लागलं नाही. मुलाला त्यांनी मोटारीच्या कारखान्यात लावलं, पक्क्या नोकरीत, पेन्शनीच्या. कारखान्याने त्याला पन्नाशीत घरी बसवलं. तो रोज दुपारी येऊन बापाजवळ टोपी मांडीवर ठेवून बसायचा, कारण त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नसायचं.

रविवारी न्यू ऑर्लिन्सहून थोरल्या भावाचा फोन येई. त्याचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं होतं. दोघेही बहिरे, त्यामुळे ओरडून बोलायचे आणि आमच्या सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. थोरला विचारी, हात आला का. हे सांगत, येतोय. तो म्हणे, मग मी थांबतो. यापलीकडे त्यांच्यात फारसं बोलणं होत नसे. हात येत नव्हता. खांद्यात थोडी हालचाल होती, बोटं तशीच मिटलेली.

माझा एक सरळ हिशोब होता. ताशा नंतरची गोष्ट, भाऊ आज जिवंत आहे, तर आज जाऊन त्याच्याजवळ बसा. मुलाची गाडी तयार होती, मागची सीट काढून व्हीलचेअर बसेल हेही त्याने बघून ठेवलं होतं. मी आजोबांना दहा वेळा समजावलं, शेवटी चिडून बोलले. म्हटलं, मेलेल्या भावामागे वाजवायला जाणार, आणि जिवंत आहे तर भेटायला जाणार नाही, हे कुठलं शहाणपण?

ते डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "हा असा हात घेऊन मी त्याच्यासमोर गेलो, की त्याला कळेल आपल्यामागे कुणी नाही. तो माझ्या हातावर थांबलाय. मी गेलो तर तो त्याच दिवशी जाईल."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला तेव्हा तो नुसता पीळ वाटला. शेजारी बसलेला मुलगा टोपी उलटी-सुलटी करत राहिला. घरी मी हे नवऱ्याला सांगितलं. तो गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनियर, प्रत्येक गोष्टीचा त्याच्याकडे उपाय. म्हणाला, "अगं, पेशंटमध्ये इतकं इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस यार. त्यांची फॅमिली मॅटर आहे, तू तुझी थेरपी कंटिन्यू कर." बरोबरच होतं त्याचं. मी त्या दिवशी त्याच्याशी जेवताना बोलले नाही.

फेब्रुवारीत थोरला गेला. फोन भावाच्या सुनेचा, मुलाच्या घरी आला, आणि मुलाने थेरपीच्या खोलीत येऊन बापाला सांगितलं. म्हणाला, गाडी काढतो, आता निघालो तर पोचू. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. काय करायला जाऊ, म्हणाले. मी त्यांचा हात माझ्या हातात धरलेला होता, तो तसाच लाकडासारखा होता. त्यांनी फक्त एवढंच विचारायला सांगितलं, की ताशाला कोणाला उभं करणार आहेत.

त्याचं उत्तर अंत्ययात्रा झाल्यावर आलं. मुलानेच ते सांगितलं, खाली बघत, एकेक वाक्य तोडत. थोरल्याने मरण्याआधी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की ताशाची जागा माझ्या भावाची. तो आला तर वाजवेल, नाही आला तर ती जागा मोकळी ठेवा, दुसऱ्या कुणाला उभं करू नका. एवढ्या मोठ्या ढोलवाल्याचा शब्द, बँडमधल्या कुणी तो मोडला नाही. ओळीत एका माणसाची जागा सोडून सगळे चालत गेले. माती दिली. मग सगळे उभे राहिले. रुमाल ओढायला कुणी नव्हतं, तर्री कोण देणार? ट्रम्पेटवाल्याने एकदा वाद्य ओठाला लावलं आणि परत खाली घेतलं. थंडी होती, म्हातारी माणसं होती. थोड्या वेळाने एकाने वाद्य पेटीत ठेवलं, मग दुसऱ्याने, आणि लोक आपापल्या गाड्यांत बसून निघून गेले. कुणी नाचलं नाही.

आजोबा म्हणाले, "मूर्ख. मूर्ख म्हातारा. कुणालाही उभं करायचं होतं." आणि रडायला लागले. मोठ्याने, तोंड न झाकता. मुलगा उठून खिडकीशी गेला. मला त्या दोन्ही भावांचा विलक्षण संताप आला. एकाने हातासाठी भाऊ सोडला, दुसऱ्याने भावासाठी ताशा सोडला, आणि दोघांनीही ते एकमेकांच्या प्रेमापोटी केलं. असल्या प्रेमाचं करायचं काय?

त्यानंतर त्यांनी थेरपीला नाही म्हटलं नाही. मी हात ताणायची, ते छताकडे बघायचे. दुखलं तरी बोलायचे नाहीत, आणि दुखतंय की नाही हे न कळणं माझ्या धंद्यात सगळ्यात वाईट. रविवारचे फोन बंद झाले होते. नर्स सांगायची, की त्या वेळेला ते फोनशेजारी खुर्ची लावायला सांगतात आणि मग जेवणाची घंटा होईपर्यंत तिथेच बसतात.

आणि एप्रिलमध्ये हात आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. आधी अंगठा हलला, मग दोन बोटं, मग मनगट. असं क्वचित होतं, आणि एरवी असं झालं की आम्ही सगळ्या स्टाफला बोलावून दाखवतो. मी कुणाला बोलावलं नाही. मुलाने घरून सरावाची रबराची गादी आणि काठ्यांची जोडी आणली. ते त्याला मी सांगितलं नव्हतं, त्याने आपण होऊनच आणली. बापाच्या मांडीवर गादी ठेवली, हातात काठ्या दिल्या. आजोबांनी आधी उजवा टेकवला, मग डावा, आणि तर्री सुरू झाली. बारीक होती, मध्ये अडखळत होती, पण तुटली नाही. रबरावर तारांचा आवाज येत नाही, नुसती फडफड.

त्यांनी मध्येच थांबवलं. मी म्हटलं, वाजवा ना, छान येतंय.

"कुणाला घरी नेऊ?" ते म्हणाले. "मला परतीचं वाजवता येतं, पण तो तिथेच स्मशानात राहिलाय. आम्ही दोघंही तिथेच आहोत."

मुलाने तेव्हा एक गोष्ट मागितली. इतकी वर्षं बापाकडे कधी मागितली नसेल अशी. म्हणाला, मला शिकवा, एवढी एक तर्री तरी. आजोबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. कारखान्यात तीस वर्षं नट आवळून बोटांचे सांधे सुजलेले, एक बोट वाकडं. त्यांनी काठ्या त्याच्या हातात दिल्या, कशा धरायच्या ते दाखवलं. त्याने मारायला सुरुवात केली. बराच वेळ तो मारत राहिला, पण नुसते सुटे ठोके पडत, तर्री जुळेना. शेवटी आजोबांनीच त्याच्या मनगटावर हात ठेवला, डावा हात, आणि हळूच म्हणाले, "राहू दे. उशीर झाला, बाळा. माझीच चूक." त्या खोलीत मला उभं राहवेना. पुढचा पेशंट आला आहे असं सांगून मी बाहेर आले. पेशंट कुणी आला नव्हता.

जूनमध्ये आजोबा गेले. त्यांना ट्रॉयजवळच्याच एका स्मशानभूमीत पुरलं, कारण खाली न्यायचं तर तिथे आता कुणासाठी न्यायचं, असं मुलाचं म्हणणं पडलं. बँड बोलावला नाही. कुणाचा बोलावणार? मी सकाळची पाळी बदलून घेऊन गेले होते. चर्चमधली थोडी माणसं, आमच्याकडची एक नर्स, मी. पास्टर दोन शब्द बोलले, पेटी खाली गेली, आणि पास्टर घड्याळ बघून निघून गेले.

बाकीचे मात्र निघेनात. ऊन लागत होतं, बायका पर्समधले रुमाल काढून मान पुसत होत्या, गाड्या समोर उभ्या होत्या, पण कुणाचा पाय हलेना. जो तो दुसऱ्याकडे बघत होता, कुणीतरी घरी चला म्हणेल म्हणून. मुलगा खड्ड्याच्या कडेला दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभा होता. बऱ्याच वेळाने तो माझ्याकडे आला. मला तिथलं काही कळत नव्हतं, मी परकी बाई, पांढरी साडी नेसलेली. त्याने मलाच विचारलं,

"आता घरी जायचं का?"

मी म्हटलं, "हो, जाऊ या." त्याने मान डोलावली आणि पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिला.