अकरा मीटर

तू नेमकं काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी पूर्वी सांगायची, संगणकाला अंतरं विचारते. त्यावर माणसं हसायची, मलाही बरं वाटायचं. आता नुसतं 'वेबसाइट बनवते' म्हणते आणि विषय बदलते.

जालन्यात एका भाड्याच्या खोलीत बसून मी पुण्यातल्या एका लहान कंपनीचं काम करते. तेव्हा हातात होतं ते एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याचं काम. आठवड्यातून एकदा गावात गाडी येते, गाडीत डॉक्टर, नर्स आणि रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या. प्रत्येक गावात गाडीचा एकच थांबा. त्या वर्षी संस्थेने नवा नियम केला. थांब्यापासून पाचशे मीटरहून लांब राहणारी साठीपुढची वीस माणसं एखाद्या वस्तीत निघाली, तर त्या वस्तीला वेगळा थांबा मिळणार. त्यासाठी सर्वेवाल्यांनी गावोगाव जाऊन मोबाइलवर फॉर्म भरले होते. फॉर्म उघडला की फोन जिथे असेल ते ठिकाण आपोआप नोंदलं जायचं. तो फॉर्म मीच बनवला होता, आणि त्यातून अंतरं काढून यादी द्यायचं कामही माझंच होतं.

घनसावंगी तालुक्यातलं माझं गावही त्यात होतं. आमच्याकडे गाडी ग्रामपंचायतीच्या हापिसापुढे थांबते. आमचा बौद्धवाडा ओढ्यापलीकडे, तिथून पाऊण किलोमीटरवर. माझी आई दर गुरुवारी तेवढं चालत जाते. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. वाटेत ती दोनदा बसते, एकदा पुलाच्या कठड्यावर आणि एकदा पिठाच्या गिरणीपुढच्या दगडावर. कधीकधी ती पोहोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असते, आणि मग आठवडाभर गोळ्या नाहीत. नियमाचं कळलं त्याच दिवशी मी तिला फोन करून सांगितलं, आता गाडी आपल्या विहारापुढे येणार. सांगायला नको होतं. तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला सांगितलं.

पहिल्यांदा क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चालवली तर सबंध जिल्ह्यात पाचशे मीटरहून लांब एकही घर निघालं नाही. अंबड म्हणू नका, भोकरदन म्हणू नका, सगळी म्हातारी माणसं थांब्याला खेटून राहत होती. ज्या फ्रेमवर्कमध्ये आम्ही प्रोग्राम लिहितो तो मधला दलाल असतो. आपण त्याच्या भाषेत मागणी सांगायची, तो आत जाऊन डेटाबेसला काहीतरी सांगणार, आणि बाहेर येऊन म्हणणार, काम झालं. तो आत नेमकं काय बोलतो ते छापून घ्यायला मला दीड दिवस लागला. छापून घेतलं तेव्हा दिसलं की माझ्या पाचशेला एककच नव्हतं. आमची ठिकाणं साठवलेली होती अंशांमध्ये, त्यामुळे डेटाबेस बिचारा पाचशे अंशांहून लांब कोण राहतं ते शोधत होता. अख्ख्या पृथ्वीला वळसा घातला तरी तीनशे साठच अंश होतात.

रकान्याचा प्रकार बदलला, अंतर मीटरमध्ये यायला लागलं, आणि आता सगळीच घरं लांब गेली. थोडीथोडकी नाही, हजारो किलोमीटर. नकाशावर टाकून पाहिलं तर थांबे जालना जिल्ह्यात आणि माणसं नॉर्वेच्याही वर बर्फाच्या समुद्रात. आपण सगळे आधी अक्षांश म्हणतो आणि मग रेखांश. फॉर्मही तसाच पाठवत होता. डेटाबेसला आधी रेखांश लागतो. दोन आकड्यांची जागा उलटी झाली एवढ्यावर सगळी गावं ध्रुवाकडे निघाली होती.

पुण्याच्या साहेबांचा रोज फोन यायचा. ते रोज तेच सांगायचे, डेटा बरोबर आहे, तू क्वेरी बघ. एकदा हसत म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नकोस. मी हसून फोन ठेवला आणि मग खोलीत एकटीच त्यांना काय काय बोलले. पण चूक माझीच होती आणि तीही एक नाही, दोन, हे मला कळत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी आकडे जागेवर आले. वडीगोद्रीची हायवेपलीकडची घरं सहाशे चाळीस मीटर दाखवत होती. मी नकाशावर पट्टी धरून मोजलं, तेवढंच भरलं. धावडा गावाला दुसरा थांबा मिळत होता. तिथे माझं कुणी नाही, तरी मला खोलीत उठून दोन फेऱ्या माराव्याशा वाटल्या. मग चहा केला, कप शेजारी ठेवला आणि आपलं गाव उघडलं.

वाड्यातले त्रेसष्ट फॉर्म होते. सगळ्यांचं थांब्यापासूनचं अंतर अकरा मीटरच्या आसपास. कुणाचं दहा, कुणाचं बारा. आईचं अकरा.

मला वाटलं, अजून काहीतरी राहिलं. पाचवा दिवस मी क्वेरीला झोडपण्यात घालवला. इंडेक्स पुन्हा बांधला, एकेक अट काढून पाहिली, शेवटी वही घेऊन आईच्या फॉर्ममधल्या आकड्यांवरून अंतर हाताने काढलं. वहीतही अकराच आलं. म्हणजे क्वेरी खरं बोलत होती. मग मी कच्चे बिंदू नकाशावर टाकले, जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. गावातल्या गल्ल्यांचे बिंदू घरोघर पसरलेले होते, एका घरावर एक. आमचे त्रेसष्ट बिंदू हापिसाच्या ओट्यावर एका ढिगात पडले होते. वेळा पाहिल्या. गावातल्या दोन फॉर्ममध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, आमचे तीन-तीन मिनिटांनी, रांगेत.

अंगण खरंच वाकडं होतं.

आईला फोन लावला. सर्वेवाला आपल्या घरी आला होता का, एवढंच विचारलं.

"वाड्यात कुठं आल्ता?" ती म्हणाली. "हापिसावर बसला व्हता. सांगावा धाडला, मंग आम्ही समदे गेल्तो. तो वर ओट्यावर खुर्ची टाकून, आम्ही खाली. नाव पुकारलं की पुढं व्हायचं."

मी विचारलं, गावात तर तो घरोघर गेला होता ना.

"गेल्ता की. पण घरी गेलं म्हंजे पाणी घ्यावं लागतंय, बाई. च्या घ्यावा लागतोय. आपल्याकडं किती घरी न्हाई म्हनंल तो? बलावून घेतलं की झंझट न्हाई."

हे तिने अशा आवाजात सांगितलं, जसं काही तो बिचारा अडचणीत होता आणि वाड्याने समजूतदारपणा दाखवला. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नाही. नको म्हटलं की विचारणाऱ्याला कळतं. घेतलं की गावात कळतं. त्यापेक्षा ओटा बरा. आपण थांब्यापासून लांब राहतो हे नोंदवायला माझी आई पाऊण किलोमीटर चालत गेली, वाटेत दोनदा बसली, आणि ओट्याखाली उभी राहिली. माझ्या फॉर्मने त्याचा फोन जिथे होता तेच तिचं घर म्हणून लिहून घेतलं.

राग आला. इतका आला की मी त्या सर्वेवाल्याचा नंबर शोधून काढला. आणि नंबर समोर आला तेव्हा तो माणूस आठवला. सर्वेवाल्यांना फॉर्म शिकवायला मी जालन्यातच एक दिवस बसले होते, त्यांच्यात तो होता. हसतमुख, कामसू. दुपारी त्याने माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून घेतली आणि चांगली म्हणून पुन्हा घेतली. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नुसतं नाव होतं, आडनाव नव्हतं. जेवण झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मॅडम, दर घरी आत जावंच लागतं का?" माझ्या डोक्यात नेट होतं. मी म्हणाले, तसं काही नाही, गावात जिथे रेंज मिळेल तिथून भरा, फॉर्म जातो.

मी त्याला वाट काढून दिली होती. तो प्रश्न कुठून आला हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी मला कळायला हवं होतं. मी त्याच वाड्यातली आहे. शिकले, जालन्याला आले, आणि रेंजचा विचार करायला लागले. नंबर लावलाच नाही. लावून त्याला काय बोलणार होते?

सहाव्या दिवशी सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, यादी आज संध्याकाळी जायची आहे, पुन्हा सर्वे होणार नाही, पुढच्या वर्षी बघू. आणि वर म्हणाले, इतक्या गावांत तुला तुझंच गाव चुकलेलं दिसावं, हे बरं दिसत नाही. माझ्या तोंडात शब्द आले होते. नोकरीचा विचार करून गिळले. बाकी गावांचे बिंदू तपासायला हवेत, ओढ्यापलीकडे वाडा काही एकट्या आमच्याच गावाला नाही, हे मात्र मी लेखी पाठवलं. उत्तर आलं, नोंद घेतली.

दुपारी मी एक ओळ लिहिली. तेवढी चालवली असती तर त्रेसष्ट बिंदू ओटा सोडून, ओढा ओलांडून आपापल्या घरी गेले असते. मला वाड्यातलं एकेक घर पाठ आहे, कुणाचं दार कुठल्या दिशेला तेही. बोट बटणावर होतं. त्या माणसाने घरात पाऊल टाकलं नाही ही चूक कुणीही कधी शोधणार नव्हतं. माझी ओळ मात्र कुणीतरी शोधली असती, बदलांच्या नोंदीत माझं पूर्ण नाव वाचलं असतं, आणि यांचं हे असंच म्हणून मान हलवली असती. मी ती ओळ खोडली. याला प्रामाणिकपणा म्हणायची माझी तयारी नाही. मी भ्याले. अजूनही कधीकधी वाटतं, चालवायला हवी होती.

संध्याकाळी यादी गेली. क्वेरी बिनचूक होती. साहेबांनी छान काम म्हणून कळवलं, सोबत वर केलेला अंगठा.

आईचा फोन आला तेव्हा मी उचलायला वेळ लावला. गाडी कधीपासून येणार ते वाड्यातली माणसं तिला विचारत होती. मी म्हणाले, नाही येणार. का, असं तिने विचारलं. तिला समजेल तसं मी सांगितलं की कंप्युटरमध्ये आपल्या सगळ्यांची घरं हापिसाच्या ओट्यावर दिसतात, म्हणून आपण जवळचे धरलो गेलो.

ती हसली.

"ओट्यावर? तुह्या आज्याला जल्मात कोन्ही बसू देलं न्हाई त्या ओट्यावर. अन् तुव्हा कंप्युटर समदा वाडा नेऊन तिथं ठिवतो?"

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, माझंच चुकलं, माय. ती म्हणाली, तुझं काय चुकलं त्यात, आणि गुरुवारी गाडी वेळेवर आहे ना ते विचारलं. मी म्हणाले, आहे.

"मंग म्या घंटाभर आदीच निघते," ती म्हणाली.