राखून ठेवलेलं एक काम

शारजात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मी काउंटर सांभाळतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी आमच्या मिस्री, म्हणजे इजिप्तच्या, मॅनेजरांनी इथलीच एक इमिराती मुलगी माझ्या शेजारी आणून बसवली. तीन महिन्यांत हिला सगळं काम शिकव, म्हणाले. ती कॉलेज शिकलेली, मी आठवीतून शाळा सोडलेला. ज्या माणसाने शिक्षणाचा कागद न मागता मला कामावर घेतलं, त्याला नाही कसं म्हणणार? मान हलवली, पण मनात आलं, हिला सगळं आलं की माझी गरज काय? माझा व्हिसाही तीन महिन्यांनीच रिन्यू व्हायचा होता.

मुलगी गुणाची. मोडक्या हिंदीत 'उस्ताद, ये क्या, वो क्या' करत सगळं लिहून घ्यायची. मी रॅक दाखवले, पार्ट नंबर शोधायला शिकवलं. एकच गोष्ट राखून ठेवली. परत आलेला माल नव्या खोक्यात असला तरी उघडून बोल्टच्या भोकांवर बोट फिरवायचं. पार्ट एकदा बसवलेला असला की तिथे वॉशरचा वण उठतो. काही गॅरेजवाले नव्या खोक्यात जुना पार्ट घालून आणतात. हे मी स्वतः फसून शिकलो होतो, म्हणून ते माझं, अशी मनाची समजूत घातली. परतीचा माल आला की मी तिला काहीतरी काम काढून मागे रॅककडे पाठवायचो.

एक दिवस मी दुपारच्या जोहरच्या नमाजला गेलो आणि तेवढ्यात तिने नव्या खोक्यातला एक वॉटर पंप न तपासता परत घेतला. आत जुना पंप होता आणि तोच पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेला. त्याची गाडी भर उन्हात हायवेवर गरम होऊन बंद पडली. आत लहान मुलं होती.

मॅनेजरांनी दोघांना केबिनमध्ये घेतलं.

"उस्तादांनी सगळं शिकवलंय," ती म्हणाली. "मीच विसरले असेन."

मी गप्प बसलो असतो तर खलास, शेरा तिच्या कागदावर बसला असता.

"सर, हे मी शिकवलंच नव्हतं."

"विसरलास?"

"नाही. मुद्दाम."

त्यांनी आवाज चढवला नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"तू नवा होतास तेव्हा सहा महिने तुझ्या शेजारी कोण बसायचं?"

"तुम्ही."

"यल्ला, चल. जा, कामाला लाग."

दुसऱ्या सकाळी ती लॅपटॉप उघडून बसली. उस्ताद वगैरे काही नाही, नुसतं "बोला." मी परतीच्या मालापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत सांगत होतो, ती टाइप करत होती.

रिन्यूअलला आता पंधरा दिवस राहिलेत. मॅनेजर त्याबद्दल काही बोलत नाहीत आणि विचारायचं तोंड मला नाही. काल लॅपटॉप मिटताना तिने विचारलं, संपलं का सगळं? अजून आहे, मी म्हणालो. ते खरंही आहे. पण खरं म्हणून सांगितलं की भीतीपोटी, ते माझं मलाच कळलेलं नाही.